डोळे माझ्या मनाचे, अंग तुमचं

मोठ्या बाई,

यंदा आपल्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहणार नाहीत. तुम्हाला जाऊन वर्ष व्हायचं आहे, तोवर सण नाही, असं घरात ठरलं. मुखवटे पेटीतच आहेत. पत्र्याच्या कोठ्या माळ्यावरून खाली काढल्याच नाहीत. तुमच्या जागी दुसरं कोणी निऱ्या घालताना पाहावं लागलं नाही, हे एका परीनं बरंच झालं.

मी चौथी शिकलेली. अकोटकडच्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती. तुम्ही थोरल्या जाऊ, मोर्शीच्या, मॅट्रिकपर्यंत गेलेल्या. घरात लिहायचं काही निघालं की ते तुमच्याकडे, आणि मी बाजूला बसून पाहायची. एवढं लांब मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही. पण आपलं एक बोलणं अर्धं राहिलं आहे. तुम्ही समोर होतात तेव्हाही ते मला तोंडानं पुरं करता आलं नाही.

ते बोलणं चित्रावरून होतं.

माझी ऋतुजा नोकरीला पुण्याला गेली, तेव्हा तिच्या पेन्सिली आणि जाड कागदाचा पॅड कपाटात राहिला. तिला त्या जपानी चित्रांच्या गोष्टींचं वेड. मांगा म्हणायची ती त्यांना. मोठ्या डोळ्यांच्या, टोकदार हनुवटीच्या, केस उडणाऱ्या पोरी. ती गेल्यावर दुपारी घर फार मोकळं वाटायला लागलं, म्हणून मी तिच्या चित्रांवरून पाहून काढायला लागले. कोणाला सांगितलं नाही. कडी वाजली की पॅड गादीखाली. पन्नाशीची बाई पोरींची चित्रं काढते हे कळलं असतं, तर राजापेठेतल्या बायकांना दिवाळीपर्यंत विषय पुरला असता.

तुम्ही मला पकडलंत ते गादी उन्हात टाकायला उचललीत म्हणून. पॅड खाली पडला. मी स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही हात कणकेत.

"हे कोनं काढलं वं?"

मी बोटांची कणीक सोडवत राहिले. माझे कान मात्र गरम झाले होते, ते तुम्ही पाहिलेच असणार.

"तूनं? अवं, केवढे डोळे हे! एकेक डोळा पुरीएवढा."

मग तुम्ही खाटेवर बसलात आणि एकेक पान उलटत गेलात. मला वाटलं, आता हसतील आणि ठेवून देतील. तुम्ही हसलात नाहीत. बराच वेळ पाहून म्हणालात, "चेहरे चांगले जमले तुले. पन एक सांग. ह्या साऱ्या पोरी हात पाठीमांगं घेऊन काहून उभ्या हायेत? चोरी करून आल्या का?"

"हात जमत नाईत मले."

"अन् पाय? एकीलेबी पाय नाई."

"झगा लांब हाये त्याईचा."

तेव्हा तुम्ही हसलात. असं हसलात की पॅड मांडीवरून घसरला. "शोभे, ह्या पोरी नाईत वं! ह्या आपल्या कोठ्या हायेत!"

मला राग आला होता. रात्री पोळ्या लाटताना मात्र तो गेला, कारण तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून दर भादव्यात आपण दोघी महालक्ष्म्या उभ्या करत आलो. वर पितळी मुखवटा, खाली पत्र्याची गोल कोठी. खांद्याच्या जागी जुन्या लुगड्याच्या गुंडाळ्या, कापसाचे हात दोरीनं बांधायचे, आणि जिथं जमलं नाही तिथं पदर ओढून घ्यायचा. निऱ्या तुमच्या, टाचण्या माझ्या. माझ्या हातानं मी घडवलेली बाई ती तेवढीच. म्हणून पेन्सिलीतूनही तीच उतरत होती. मोठं डोकं, आणि गळ्याखाली घंटा. मला वाटायचं, कापड नीट नेसवलं की आतली बाई आपोआप होते.

त्या दिवसापासून दुपार आपल्या दोघींची झाली. पेन्सिल तुम्ही कधी हातात घेतली नाहीत. तुमचं काम खोड काढायचं.

मोबाइलवर एक पोरगी हिंदीतून शिकवायची. आधी डोक्याचं अंडं काढा. मग त्याच अंड्याच्या मापानं खाली खाली मोजत या. उभ्या माणसात तशी सातेक डोकी बसतात, आणि या चित्रांत पाय थोडे जास्त लांबवतात. कोपर कमरेशी येतं. तळवा हनुवटीपासून कपाळापर्यंत पुरतो. ती एकेक सांगायची आणि आपण ते आपल्या अंगावर तपासायचो. तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ताठ उभ्या, मी समोर हात लांब करून लाटण्यावर तुमचं डोकं मोजत असायची.

"सहाच भरते," मी म्हणाले.

"सहा कशी भरीन? मॅट्रिक झालेली बाई मी. चांगलं मोज."

तळव्याचं सांगितलं तेव्हा आपण दोघींनी आपापल्या तोंडावर तळहात ठेवून पाहिले. नेमकं तेव्हाच दूधवाला दाराशी आला. दोन बायका तोंडावर हात ठेवून गप्प बसलेल्या पाहून त्यानं आवाजही न करता किटली मागं नेली. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या ह्यांना हळूच विचारलं होतं, "घरी सगळं बरं हाये ना?"

आणि वाटी. ती तुमचीच अक्कल. या चित्रांतले चेहरे सगळे सारखेच असतात, केस बदलले की दुसरी पोरगी होते. तुम्हाला ते पटत नव्हतं. एकदा तुम्ही उठलात, स्टीलची वाटी आणलीत आणि चित्रातल्या पोरीच्या तोंडावर पालथी घातलीत.

"आता सांग, हे कोन?"

"हे ऋतुजाच्या थ्या गोष्टीतली मावशी."

मग शेजारच्या पोरीवर तीच वाटी. "अन् हे?"

वाटी ठेवल्यावर मावशी आणि भाची एकच दिसत होत्या.

"मंग तोंडाखाली काढलं काय तूनं? मानूस का नुसतं तोंडानं वळखू येते? अंधारात जिना चढतानाबी मले समजते, कोन येऊन राह्यलं थे."

तेव्हापासून प्रत्येक चित्राला वाटीची परीक्षा. त्या पॅडच्या कागदांवर अजून तेलाचे पुसट गोल आहेत. काल उन्हात धरून पाहिले.

पुढं ती मोबाइलवरची पोरगी म्हणाली, आधी उघडं अंग रेघांनी काढा, मग त्यावर कपडे. तिथं मी अडले. नुसत्या रेघा असल्या तरी बाईचं अंग उघडं काढायचं म्हणजे मला कसंसंच व्हायचं. मी बरगड्यांसोबतच पदर काढून मोकळी व्हायची.

"लाजते काहून?" तुम्ही म्हणालात. "महालक्ष्मीची कोठी आदी उघडीच पाह्यतो ना आपन? मंगच साडी नेसवतो. देवीले चालते अन् ह्या पोरीले नाई चालत?"

मग माझा हात सुटला. बरगड्यांचं टोपलं, कमरेचं हाड, टोंगळे. टोंगळा ही नुसती गाठ नाही, तिथून पाय थोडा दिशा बदलतो, हे मी तुमची साडी पोटरीपर्यंत वर धरायला लावून पाहिलं. तुम्ही कुरकुर केलीत, पण उभ्या राहिलात.

वजनाचा धडा मात्र मोबाइलवरून मला कळला नाही. ती सांगायची, माणूस उभं असलं की बहुतेक एकाच पायावर भार टाकतं. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदा खाली येतो. गळ्याच्या खळग्यातून सरळ रेघ सोडली, की ती भाराच्या पायाजवळ पडली पाहिजे, नाहीतर चित्र पडतं. मी तीनतीनदा ऐकलं, तरी माझ्या पोरी कलंडतच होत्या. मग एका दुपारी मी खिडकीतून अंगणात पाहिलं. नळ यायची वेळ होती. तुम्ही बादली लावून उभ्या होतात. सगळा भार उजव्या पायावर, डावा टोंगळा सैल, एक हात कमरेवर, आणि पाइपात हवा फुसफुसते का ते ऐकायला मान थोडी वाकडी. गळ्यापासून पायापर्यंतची रेघ मला तिथं दिसली.

ते चित्र वाटीच्या परीक्षेत पास झालेलं पहिलं. तुम्ही वाटी ठेवलीत आणि लगेच उचललीत.

"हे तं मी हावो!" मग कागद जवळ धरून, "पोट जरासं कमी करता आलं असतं वं."

एवढं सगळं लिहिते आहे ते तुम्हाला माहीत नाही म्हणून नाही. पुढचं लिहायला हात जड होतो, म्हणून इथं रेंगाळते आहे.

अकोल्याला तुमचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. लेकीकडे राहून तुम्ही बऱ्याच दिवसांनी घरी आलात. भेटायला बायका यायच्या तेव्हा तुम्ही पोलक्यात जुन्या धोतराची घडी ठेवायच्या. एकदा ती घडी नीट करताना तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "पाह्य, आता मीबी कोठीच झाली. भरा अन् टाचन्या लावा." तुम्ही हसलात. मला हसता आलं नाही. मी चहाचं आधण ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

मग ती दुपार. तुम्ही घडी काढून खाटेवर ठेवलीत आणि खिडकीपाशी उभ्या राहिलात.

"काढ."

मी काढलं. डोकं, गळा, बरगड्या. आणि छातीशी आल्यावर दोन्ही बाजू सारख्या काढल्या. हात चुकला नव्हता. मी समजून-उमजून काढलं होतं.

तुम्ही पाहिलंत. या वेळी वाटी मागितली नाहीत.

"हे कोन?"

"तुमी."

"मी नाई. हे आदीची हाये. तूनं कापूस भरला हिच्यात."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला उलटून बोलले. "कागदावर तरी पुरं राहू द्या ना. कागदाले काय लागते?"

"कागदाले नाई लागत. मले लागते." तुमचा आवाज चढला नव्हता. "माहा खांदा पाह्य. इकडचं गेलं अन् खांदा वर आला. हात आंगाशी धरून ठेवा लागते. कंबर तिकडं सरकली. माह्यं आता उभं राह्यनं असं हाये. त्याच्यावर तू जुनं आंग ठेवशीन तं थे पडीन. तूच शिकवलं ना मले?"

चित्र पडत होतं. मला ते दिसत होतं. गळ्यातून सोडलेली रेघ पायाला सोडून भलतीकडेच जात होती. तरी मी पॅड मिटला. नंतर आपण कितीतरी चित्रं पाहिली. धावणाऱ्या पोरी, पायऱ्यांवर बसलेल्या, छत्री धरलेल्या. पण तुम्हाला मी पुन्हा काढलं नाही, आणि तुम्हीही "काढ" म्हणाला नाहीत.

माझं म्हणणं तेव्हा मला मांडता आलं नव्हतं. आता मांडते. या चित्रांत पाय लांब करतात, कंबर बारीक करतात, डोळे पुरीएवढे करतात, आणि त्याला कोणी खोटं म्हणत नाही. मग जे तुमच्यापासून काढून घेतलं, ते मी कागदावर परत दिलं तर तेवढंच खोटं कसं? माझ्या हातात द्यायला दुसरं काय होतं? हे मला विचारायचं होतं. अजूनही माझं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही, मोठ्या बाई. पाहा, आता तुम्ही नाहीत तर मला किती बोलता येतं.

शेवटची भेट अकोल्याची. मी एस.टी.नं आले होते. तुमच्या लेकीनं खाट खिडकीजवळ लावली होती. माझ्या पिशवीतली मोर्शीची संत्री तुम्ही बाजूला सारलीत आणि विचारलंत, "पॅड आनला का?"

आणला होता. पण बाहेर काढायचा धीर होत नव्हता. तुमचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी पॅड मांडीवर घेतला, तेव्हा तुम्ही मान हलवलीत.

"झोपलेली काढू नको. झोपलेली बाई कोनीबी काढते. तिले वजनच नसते कुठी."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"उभी काढजो. डोळे काढ तुह्या मनाचे. पुरीएवढे काढ पाह्यजे तं. पन आंग माह्यं."

म्हणजे माझा प्रश्न मी न विचारताच तुम्हाला कळला होता, आणि तुम्ही मला अर्धं दिलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यात तुमची लेक चहा घेऊन आली. मग ऋतुजाची चौकशी झाली, गाडीची वेळ झाली. मी तुमच्या पायांवर डोकं ठेवून "येतो, मोठ्या बाई" म्हणाले आणि निघाले. गाडीत बसल्यावर आठवलं, "हो" राहिलंच. म्हटलं, पुढच्या खेपेला.

बैठकीत तुमचा फोटो लावला आहे. कुठल्याशा लग्नातला काढून मोठा करून आणला. त्यात नुसता चेहरा आहे. गळ्याखालचं कापलं, आणि उरलं ते हारानं झाकलं. सगळे म्हणतात, फोटो छान आला. येता-जाता मी पाहते आणि मला तुम्ही त्यात सापडत नाही. तुम्हीच मला चेहऱ्याखाली माणूस ओळखायला शिकवलं.

म्हणून काल दुपारी मी पॅड काढला. आमचे हे दुकानात होते. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून काढायला घेतलं, खिडकीतून अंगणातला नळ दिसतो तिथून. डोक्याचं अंडं. गळ्याचा खळगा. उजव्या पायावर भार, डावा टोंगळा सैल. डावा खांदा वर, हात अंगाशी धरलेला. बरगड्यांचं टोपलं. मग छातीशी आल्यावर पेन्सिल थांबली, तशीच जशी त्या दुपारी थांबली होती. अंगणात कोणी नव्हतं. मी डावी बाजू सपाट काढली.

मग पदर. आजवर मी महालक्ष्मीला पदर नेसवला तो आतलं झाकायला. काल पहिल्यांदा आत जे होतं त्यावर तो पडू दिला. उजवीकडून वळून आला, आणि डावीकडे खांद्यावरून कमरेपर्यंत सरळ खाली गेला. गळ्यातून रेघ सोडून पाहिली. ती उजव्या पायाशी आली. चित्र पडत नव्हतं, मोठ्या बाई.

डोळे मात्र मी माझ्या मनाचे काढले. चांगले पुरीएवढे, आत उजेडाचे दोन पांढरे ठिपके. पायही थोडे लांबवले आहेत. पायांबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात.

शेवटी वाटी घेतली, चेहऱ्यावर पालथी घातली आणि हाताचं शिसं धुवायला मोरीत गेले.

तेवढ्यात दादा पाणी प्यायला आत आले. तुम्हाला माहीतच आहे, ह्यांचे थोरले भाऊ, मोठे भासरे म्हणून मी त्यांच्याशी एवढ्या वर्षांत एक शब्द सरळ बोललेली नाही. माझं सगळं तुमच्या तोंडून जायचं. "त्याईले सांगा, ताट वाढलं." तुम्ही गेल्यापासून घरात आम्ही दोघं असलो की भांड्यांच्या आवाजानंच एकमेकांना कळवतो. ते खाकरले की मी बाजूला होते, मी ताट वाजवलं की ते जेवायला येतात.

मी डोक्यावर पदर घेऊन मोरीच्या दारातच उभी राहिले. पॅड ओट्यावर उघडा होता. झाकायला पुढं जावं तर त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं. त्यांनी माठातून पाणी घेतलं आणि पेला तोंडाला लावता लावता खाली पाहिलं. पेला तसाच राहिला. वाटीखाली चेहरा झाकलेला, आणि खाली अंगणात बादली लावून उभी बाई.

मग कागदाकडे पाहूनच म्हणाले,

"नळाची वाट पाहून राह्यली."

मी पदराचं टोक दातात धरून उभी. त्यांनी पेला खाली ठेवला. हात वाटीकडे नेला आणि मध्येच थांबवला. माझ्याकडे पाहिलं नाही. पण विचारलं मलाच, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

"उचलू का?"

"हो," मी म्हणाले.